पाचवे चाक

मोटारगाडीविषयी आम्हा कॉलेजातल्या मुलांचे बोलणे कोणी कान देऊन ऐकले, तर गाडी हे यंत्र केवळ पळण्यासाठीच जन्माला आले आहे असा त्याचा समज होईल. इंजिन किती ताकदीचे, वेग किती सेकंदांत किती वाढतो, रंग कोणता, हॉर्न कसा, सगळी चर्चा याच गोष्टींची. गाडी थांबते कशी, हे विचारणारा विद्यार्थी मला कँटीनमध्ये अजून भेटायचा आहे. वास्तविक बेळगावकराला तरी हा प्रश्न पडायला हवा. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. पणजीला जायचे तर चोर्ला उतरा, सावंतवाडीला जायचे तर आंबोली उतरा, लोंढ्यावरून जायचे तर अनमोड उतरा. कोणतीही वाट धरा, घाट काही चुकत नाही. आणि घाट चुकत नाही म्हणजे ब्रेकही चुकत नाही.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. जमाखर्चाच्या वहीपलीकडे यंत्रांशी माझी ओळख नव्हती. ब्रेकशी संबंध आला तो मामांच्या गाडीमुळे. मामा शहापूर-वडगावच्या साड्या म्हापसा आणि मडगावच्या दुकानांना घालतात. दर आठवड्याला एक फेरी, चोर्ल्याच्या वाटेने. गाडी लहानच आणि तीही दुसऱ्याच्या हातून घेतलेली. मागची बैठक आडवी करून त्यावर साड्यांचे गठ्ठे. गेल्या पावसाळ्यात घाट उतरताना ब्रेकचा पायटा एकाएकी मऊ पडला. पाय खाली गेला, पण गाडी हवी तशी आवरेना. जळका वास सुटला. मामांनी गिअर उतरवून, हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या कडेला लावली आणि अर्धा तास तिथेच थांबले. कोणाला काही झाले नाही. मामी शेजारी बसल्या होत्या. घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी याविषयी चकार शब्द काढला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "धंदा करा, पण आधी ते ब्रेकचे बघा."

त्या पायट्याला काय झाले असावे, हे समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. माणसे आणि माल धरून गाडीचे वजन १,२०० किलो आणि उतार ६०० मीटर धरला, तर जी ऊर्जा मोकळी होते ती विजेच्या जवळजवळ दोन युनिटांइतकी भरते. बिलात दोन युनिटे म्हणजे काहीच नाही. पण तीच पाऊण तासात दोन-चार लोखंडी चकत्यांत उष्णता होऊन शिरली तर? काही भाग इंजिन आणि वारा झेलतात, बाकीचा ब्रेकच्या वाट्याला येतो. त्यात ब्रेक ऑईल जुने असले की आगीत तेल. 'डॉट ३' जातीचे नवे ऑईल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, 'डॉट ४' जातीचे २३० पर्यंत. परंतु हे ऑईल हवेतली ओल पिते. पुरेसे पाणी मुरले की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. ऑईल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही.

उद्यमबागेच्या अंगाला ज्यांचे गॅरेज आहे त्या मेस्त्रींनी मामांच्या गाडीचे ऑईल काढून बाटलीत धरले, तेव्हा ते काढ्यासारखे काळपट दिसत होते. नवे ऑईल आणि नवे पॅड घालून त्यांनी पहिला इलाज तिथल्या तिथे केला. पण मामांच्या मनाला तेवढ्याने उभारी येईना. ते म्हणाले, "याच मॉडेलच्या वरच्या गाडीला पुढच्या डिस्क मोठ्या येतात. त्याच घालून टाकू."

बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. ब्रेक दाबल्यावर टायर जागच्या जागी अडकतो एवढा जोर जुन्या डिस्कलाही असतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर एकदाच जोराने थांबायचे असेल तर मोठ्या डिस्कने फारसा फरक पडत नाही. तिथे शेवटी टायरची पकडच कामाला येते. परंतु घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक लागतो. तिथे मोठ्या डिस्कचे जास्तीचे लोखंड जास्त उष्णता पोटात घेते आणि लवकर निवते. मामांना हवे होते ते हेच.

गावातल्या एका जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे तसा संच होता: दोन डिस्क, दोन कॅलिपर आणि त्यांचे धारक, सगळे मिळून १८,००० रुपये. एकदा पैसे दिले की माल परत नाही. आमच्या गाडीची डिस्क २४० मिलिमीटर व्यासाची, ही २५६ ची. पिस्टनचा व्यास तोच, म्हणजे पायट्याचे गणित बिघडायचे नाही. "चाकात बसेल ना?" या प्रश्नावर विक्रेता हसला. "गाडी तीच हो! न बसायला काय झाले?" मामांचा हात खिशाकडे गेला होता. मेस्त्रींनी तो थांबवला आणि आपल्या ठेवणीतल्या कन्नडमध्ये म्हणाले, "सावकार, मोदल अळती, आमेले रोक्क." आधी माप, मग रोख.

इथे माझे काम सुरू झाले. मेस्त्रींना मराठी समजते, पण मापाची भाषा ते कन्नडच बोलतात. मामांना कन्नड येते, पण घाईत त्यांची गल्लत होते. कन्नडमध्ये गाली म्हणजे चाक आणि गाळी म्हणजे हवा. मामांनी 'गाली बघा' म्हणायचे ते 'गाळी बघा' म्हटले, आणि गॅरेजातला पोरगा चारही टायरांची हवा तपासून आला! शेवटी वही-पेन्सिल घेऊन दोघांच्या मध्ये मी बसलो. एक शब्द मात्र दोघांनाही सारखाच होता, तो म्हणजे 'जागा'. चाकाच्या पोटात जागा आहे काय? "जागा ऐति?" सगळा प्रश्न या दोन शब्दांत मावत होता.

चाकावर १४ इंच असा आकडा असतो. त्यावरून आपल्याला वाटते की आत १४ इंचांची पोकळी असणार. तसे नाही. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, आणि हा व्यास टायरची कड जिथे बसते त्या बैठकीचा. आतले पोट त्याहून लहान. टायर चढवता यावा म्हणून रिमला मध्ये खोलगट पन्हळ दिलेली असते, तेवढे पोट आणखी आत येते. दोन कारखान्यांची १४ इंची चाके आतून सारखी असतीलच असे नाही. तेव्हा छापील आकड्यावर विसंबू नये. छापील किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांत जेवढे अंतर असते, तेवढेच इथेही आहे.

शिवाय जागा एका दिशेने पाहून भागत नाही. पहिली दिशा त्रिज्येची: कॅलिपर डिस्कला वरून मिठी मारून बसलेला असतो, त्याची पाठ आणि रिमचे पोट यांत अंतर हवे. दुसरी दिशा आसाची: कॅलिपरचे तोंड बाहेरच्या बाजूला चाकाच्या आऱ्यांकडे येते, ते आऱ्यांच्या आतल्या अंगाला लागता कामा नये. चाकाची बैठक मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे, याचा 'ऑफसेट' नावाचा आकडा बहुधा चाकावर कोरलेला असतो. पण ऑफसेट सारखा असूनही एका चाकाचे आरे बाहेर फुगलेले आणि दुसऱ्याचे आत झुकलेले असू शकतात. तो आकडा दिशा दाखवतो, निकाल देत नाही.

निकाल दिला तो पुठ्ठ्याने. परदेशातल्या काही ब्रेक बनवणाऱ्या कंपन्या आपल्या कॅलिपरच्या आकाराचा पूर्ण मापाचा नकाशा देतात. तो छापायचा, पुठ्ठ्यावर डकवून कापायचा आणि चाकात फिरवून पाहायचा. छापताना कागद यंत्रात जरा जरी आकसला तरी माप खोटे होते, म्हणून नकाशावरच्या एखाद्या मापाला आधी पट्टी लावून खात्री करावी लागते. आमच्या जुन्या संचाला असा नकाशा कुठला? तो आम्हीच काढला. मामांच्या दुकानातले साडीचे एक रिकामे खोके फोडले, विक्रेत्याच्या दुकानात डिस्क आणि कॅलिपर जोडून ठेवले आणि मेस्त्रींनी व्हर्निअर लावत सांगितलेली मापे मी पुठ्ठ्यावर उतरवली.

शाळेतला आलेख आठवा म्हणजे हे काम चटकन समजेल. एक अक्ष म्हणजे आसाची मध्यरेषा. दुसरा अक्ष म्हणजे चाक जिथे टेकते तो डिस्कच्या टोपीचा बाहेरचा पृष्ठभाग. शून्य तिथे धरायचे, हबवर नव्हे, कारण चाक आणि हब यांच्यामध्ये डिस्कची टोपी येते. मग दर ५ मिलिमीटरवर कॅलिपर किती वर आणि किती बाहेर येतो, ते बिंदू मांडून जोडायचे. त्रिज्या, व्यास, अक्ष हे शब्द मराठी शाळेतून पाठ होते, त्यामुळे हात अडला नाही. सर्वांत उंच बिंदू आसापासून १५० मिलिमीटरवर आला.

माप घेताना मेस्त्रींनी कॅलिपरमध्ये नवे कोरे पॅड घालायला लावले. मी कारण विचारले. सरकत्या कॅलिपरचा बाहेरचा पंजा बाहेरच्या पॅडमागे असतो. पॅड जाड तर पंजा आऱ्यांच्या जवळ. पॅड झिजत गेला की पंजा आत सरकतो. झिजलेल्या पॅडवर माप घेतले तर जागा भरपूर दिसते आणि नवे पॅड घातल्या दिवशी चाक घासू लागते. ज्या दिवशी अडचण सर्वांत जास्त, त्या दिवशीचे माप घ्यायचे, हा त्यामागचा नियम. हिशेब लिहिणाऱ्यालाही तो उपयोगी पडावा.

दुसरा नियम: कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा कमी जागा चालणार नाही. गाडी उभी असताना जे लागत नाही ते वळणावर लागू शकते. चाक किंचित लवते, बेअरिंगला थोडी ढिलाई असते, लोखंड तापून फुगते आणि पावसात चिखल-खडे आत शिरतात.

मामांच्या गाडीला आधीच्या मालकाने १४ इंची अलॉय चाके बसवली होती. गॅरेजात चाक उतरवून, पोटातला चिखल खरवडून, आम्ही पुठ्ठा आत धरला आणि पूर्ण एक फेरा फिरवला. वरची जागा ९ मिलिमीटर. आऱ्यांकडची ५. एका चाकाच्या पोटात बॅलन्सिंगची चिकटवलेली वजने कॅलिपरच्या वाटेवर होती आणि त्यांची जाडी ४, म्हणजे तिथेही ५ उरत होते. पुढच्या बॅलन्सिंगला ती बाजूला घ्यावीत अशी नोंद मी वहीत केली. चारही चाके झाली. मेस्त्री म्हणाले, "जागा ऐति." मामांचा चेहरा खुलला.

त्या वेळी मामी जेवणाचा डबा घेऊन गॅरेजात आल्या होत्या. पुठ्ठ्याचा हा खेळ त्या बराच वेळ पाहत होत्या. डब्याचे झाकण काढता काढता त्यांनी विचारले, "आणि स्टेपनीत लावून बघितला काय?"

कोणी काही बोलले नाही. मामींना मोटारीतले काही कळत नाही असे त्या स्वतःच म्हणतात. पण कणकुंबीजवळ एकदा रात्री चाक पंक्चर झाले, तेव्हा भर पावसात गठ्ठे उतरवून स्टेपनी काढेपर्यंत बॅटरी धरून त्याच उभ्या होत्या. स्टेपनी कुठे असते हे त्यांना ठाऊक होते; आम्हाला तिचा विसर पडला होता, कारण ती साड्यांच्या खाली होती.

गठ्ठे उचलले, स्टेपनी बाहेर काढली. ती मूळ गाडीबरोबर आलेली १३ इंची लोखंडी रिम. गाडीला मोठी अलॉय चाके, पण स्टेपनी लहान लोखंडी, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. टायर धरून बाहेरची उंची जवळपास जुळते. १५५/८०, १३ इंची टायर सुमारे ५७८ मिलिमीटर आणि १७५/६५, १४ इंची टायर ५८३. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. पुठ्ठा आत घातला आणि तो अडकला. रिमचे पोट आसापासून १४६ मिलिमीटरवर, कॅलिपरची पाठ १५० वर. चार मिलिमीटरची तूट. दोन-तीन नाणी एकावर एक ठेवली की होते एवढीच. पण घाटात, पावसात, काळोखात तीच तूट गाडी जागेवरून हलू देणार नव्हती.

मग उपायांची रांग लागली. विक्रेता म्हणाला, कॅलिपरची पाठ थोडी घासून घ्या. मेस्त्रींनी कानाला हात लावला. ब्रेक दाबताना कॅलिपर उघडू पाहतो आणि ती पाठच त्याला धरून ठेवते. तीच कानशीने खाल्ली तर राहिले काय? गॅरेजातल्या एकाने स्पेसर सुचवला. स्पेसरने चाक बाहेर सरकते, म्हणजे आऱ्यांकडची जागा वाढते. चाकाचे पोट मोठे होत नाही. रोग एका जागी आणि औषध दुसऱ्याच! तिसरा म्हणाला, स्टेपनी फक्त मागे लावा, मागचे ड्रम जुनेच आहेत. पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे पुढे घ्या आणि स्टेपनी मागे. हा उपाय खरोखर चालणारा होता. पण त्यासाठी गाडी दोनदा जॅकवर चढवायची, उताराच्या रस्त्यावर, अंधारात. मामींनी नुसते पाहिले आणि तो विषय मिटला. स्टेपनीच नको म्हणणाराही एक निघाला. २०२० साली केंद्र सरकारने नियमांत तशी सवलत दिली आहे हे खरे, पण ती ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना. मामांच्या गाडीत ती यंत्रणा नाही.

राहिला एकच मार्ग: वरच्या मॉडेलची १४ इंची लोखंडी रिम आणि टायर. ती जुन्या बाजारात ४,५०० रुपयांना मिळत होती. या वेळी कोणी "गाडी तीच" म्हटले नाही. पुठ्ठा घेऊनच आम्ही गेलो. वरची जागा ७ मिलिमीटर भरली, आऱ्यांकडची ६. स्टेपनीच्या खळग्यात ते चाक बसते की नाही, तेही पाहून घेतले. म्हणजे १८,००० चा सौदा मुळात २२,५०० चा होता. वरचे ४,५०० विक्रेत्याच्या चिठ्ठीत कुठेच लिहिलेले नव्हते.

आम्हाला ताळेबंद शिकवताना 'कॉन्टिन्जंट लायबिलिटी' शिकवतात, मराठीत संभाव्य देणे. ते मुख्य पत्रकात येत नाही, खाली तळटीपेत येते, आणि परीक्षेपुरते पाठ केले की बहुतेक विद्यार्थी ते विसरतात. स्टेपनी म्हणजे अगदी असेच देणे आहे. चार चाके रोज रस्त्यावर दिसतात, त्यांची काळजी सगळेच घेतात. पाचवे चाक मालाखाली दडलेले असते. त्याची गरज पडते ती आपल्याला सर्वांत गैरसोयीच्या वेळी, आणि त्या वेळी माप घ्यायला कोणाजवळ पुठ्ठाही नसतो, उजेडही नसतो. घरातल्या, दुकानातल्या, संस्थेतल्या कितीतरी बदलांचा हिशेब आपण असाच चार चाकांवर करतो. पाचव्याची आठवण बहुधा त्यालाच असते, ज्याला कधीतरी पावसात उभे राहावे लागले होते.

मामांनी लगेच पैसे टाकले नाहीत. नव्या ऑईलवर आणि दुसऱ्या गिअरवर दोन महिने घाट उतरवला, रक्कम जमवली आणि मग पाचही चाकांचा सौदा एकदम केला. मोटार वाहन कायदा १९८८ मधले ५२ वे कलम गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधने घालते. तेव्हा भाग त्याच मॉडेलचे असले तरी आरटीओकडे चौकशी करून आणि विमा कंपनीला लेखी कळवूनच काम हाती घेतले. दोन्ही बाजूंचा संच एकाच दिवशी बदलला. चाक चढवण्यापूर्वी मेस्त्रींनी कॅलिपरच्या पाठीवर शाडूच्या मातीची गोळी चिकटवली, चाक हाताने सावकाश फिरवले आणि उतरवून दबलेल्या मातीची जाडी मोजली. पुठ्ठ्याचा आकडा आणि मातीचा आकडा यांत एका मिलिमीटरचाही फरक नव्हता. पहिल्या फेरीनंतर चाके पुन्हा उतरवून कुठे घासल्याची खूण आहे काय तेही पाहिले. नव्हती.

तो पुठ्ठा आता गाडीच्या पुढच्या कप्प्यात असतो. पुढेमागे रिम बदलायची वेळ आली तर आधी तो आत फिरवायचा, असे मामांनी ठरवले आहे. त्याच्या एका अंगाला माझ्या अक्षरात 'बाहेरची बाजू' असे मराठीत आहे, आणि दुसऱ्या अंगाला मेस्त्रींच्या हातचे कन्नड आकडे आहेत. आपल्या या अंकासारखाच तो दोन भाषांचा आहे. आणि दोन्ही अंगांनी मोजले तरी माप एकच भरते.

(बी. कॉम., चौथे सत्र)